बांध सगळ्यांचा, वाफा ज्याचा त्याचा

आमच्या वाड्याखालच्या (वाडा म्हणजे इथे वस्ती) मळ्यात नोव्हेंबर ते मे भाजी असते आणि जूनपासून भात. बघणाऱ्याला वाटतं, हे पूर्वापार असंच चालत आलंय. पाहुणे येतात, फोटो काढतात, "किती छान, सगळे मिळून करता!" म्हणतात. सगळं मिळून करत नाही म्हणूनच हे चाललंय, एवढं त्यांना समजावायला त्या वेळी सवड नसते. म्हणून आता सविस्तर लिहिते.

गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणींच्या पट्ट्यात. शेतं ओहोळाच्या दोन्ही काठांना. मी पेडण्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मळ्यात पावसाळी भात जेमतेम होत होतं, वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, तर केव्हाच सुटलं होतं. डोंगरावर खाणमातीचे ढीग, त्यातून पावसात लाल चिखल खाली यायचा आणि शेतात बसायचा. त्याची वर्षाकाठी नुकसानभरपाई मिळायची. घरटी एक ट्रक नाहीतर खाणीवर एक नोकरी. शेत करून जेवढं हाती लागायचं, त्याहून न करता जास्त मिळायचं. मग करणार कोण? माझ्या सासऱ्यांनी नांगर विकला नाही, पण गोठ्याच्या आढ्याला जो टांगला तो टांगलाच.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये काही काळ चालल्या. मग सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने मार्च २०१८ पासून पुन्हा बंद. ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांच्या टायरांत गवत उगवलं, आणि भरपाईही बंद झाली. शेतात मात्र लगेच कुणी उतरलं नाही. आमच्या पुरुषांना दोन वर्षं वाटत राहिलं, पुढच्या महिन्यात सुरू होतील.

मळ्याकडे आमची नजर वळली ती मार्च २०२० मध्ये. गोव्याची भाजी बेळगावहून येते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. टाळेबंदीत सीमा बंद झाल्या, दुकानंही बंद, आणि बघता बघता घरात कांदा-बटाटा संपला. वाड्यावर हिरवं असं कुणाकडे होतं? थोरल्या काकीच्या परसात. अळू, शेवगा, दोन वाफे तांबडी भाजी, विहिरीच्या कडेला मिरची. काकीने त्यातून जमेल तसं घरोघर पोचवलं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर दोन शब्द ऐकवले. तिचं म्हणणं सरळ होतं: पायाखाली एवढा मळा असताना बेळगावच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी माणसं तिने आजवर पाहिली नव्हती.

पाऊस सरल्यावर आम्ही स्वयंसहाय्य गटातल्या बायकांनी ठरवलं, करून तर बघू.

पहिला प्रश्न जमिनीचा. गोव्यात जमीन मोकळी दिसते, पण मोकळी नसते. मळ्याचे एक-चौदाचे उतारे, म्हणजे इथले सातबारा, काढले तर एकेका सर्व्हे नंबरवर दहा-बारा नावं. काही माणसं वारलेली, काही मुंबईला, एक कुटुंब पोर्तुगालला. जे गावात होते त्यांना जमीन पडीक ठेवायची हौस नव्हती, पण दुसऱ्याला करायला द्यायची भीती होती. ही भीती बाहेरच्यांना कळत नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, तो द्यायलाच हवा होता. पण तेव्हापासून भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, पोटात गोळा बसला तो बसला. दुसऱ्याला आज भाजी लावू दिली तर उद्या कूळ लागेल. त्यापेक्षा गवत वाढू दे. गोव्यातल्या पडीक शेतांची कारणं शोधायला लोक हवामानापासून सुरुवात करतात. मला विचाराल तर निम्मं कारण या एका भीतीत आहे.

म्हणून सुरुवात केली देवस्थानच्या जागेत. तळीखालचे पाचशे मीटर, तेही देवस्थान समितीने एका हंगामापुरते दिले. (आमच्याकडे जमीन गुंठ्यांत नाही, चौरस मीटरमध्ये मोजतात, 'पाचशे मीटर' म्हटलं की लांबी समजू नये.) कामाला हात लावण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सातेरी, रवळनाथ, राखणदार, सगळ्यांची नावं घेऊन गावकरांनी मागणं मागितलं, "गुरांढोरांपासून, किडामुंगीपासून राख, एकाचे दोन कर." गटातल्या एका शिकलेल्या मुलीला हे जरा जुनाट वाटलं. पण गाऱ्हाण्याला वाड्यातलं प्रत्येक घर हजर राहतं, आणि तिथे ज्याच्यासमोर 'हो' म्हटलं त्याला नंतर 'मला कुणी विचारलंच नाही' असं म्हणता येत नाही. ग्रामसभेतसुद्धा इतकी सही-सलामत संमती मिळत नाही.

मग माती. तळीखालची जागा निदान बरी होती. पुढच्या वर्षी ओहोळाकाठच्या शेतांत उतरलो तेव्हा खरी परीक्षा झाली. खाणीचा गाळ ओला असताना लोण्यासारखा, वाळला की त्याची विटेसारखी पापडी होते. पाणी वर साचतं, खाली जात नाही. बी रुजतं पण कोंब वर येऊ शकत नाही. जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुने नेले. नमुना कसा घ्यायचा तेही तिथेच कळलं. एका ठिकाणची मूठभर माती न्यायची नाही. शेतभर सात-आठ जागी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेचा पातळ काप काढायचा, सगळे काप एकत्र मळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. निकाल अपेक्षेसारखाच आला: माती आंबट, सेंद्रिय अंश नावाला. लोह मात्र भरपूर. ते सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी होती, असं माझा नवरा म्हणाला. आयुष्यभर त्याने तेच वाहून नेलं होतं.

जिथे गाळाचा थर जाड होता तिथला वरचा भाग खरवडून बांधावर टाकला. सगळा काढणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. उरलेल्यावर आधी चुना, आणि चुन्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी शेणखत. दोन्ही एकदम टाकलं तर शेणातला नत्र हवेत उडून जातो, वासावरून कळतं. जूनमध्ये ज्या तुकड्यांत भात लावायचं नव्हतं तिथे हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरला आणि फुलावर यायच्या आधी, साधारण दीड महिन्याने, चिखलात गाडला. गिरिपुष्पाचा पाला, करंजाचा पाला, भाताचा कोंडा, स्वयंपाकघरातली राख, जे मिळेल ते गेलं. वाफे नेहमीपेक्षा उंच केले. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी वाफ्यात बोट घातलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. गांडुळं दिसायला त्यानंतर आणखी एक पावसाळा गेला. जुन्या लोकांच्या मते माती अजून पूर्वीसारखी नाही, आणि त्यांचं खरं असावं. तांबडी भाजी येते, मुळा मात्र गाळाच्या बाजूला अजून वाकडाच निघतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

मळा सुरू होतोय हे कळल्यावर एका संस्थेचे प्रशिक्षक आले. माणूस सज्जन. त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, मध्ये 'सामूहिक शेती' असं लिहिलं. सगळ्यांनी मिळून पेरायचं, मिळून काढायचं, एका खात्यात पैसे, वर्षअखेर समान वाटणी. ऐकायला गोड होतं. आम्ही माना डोलावल्या. काकी कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. ती म्हणाली, "बांद सगळ्यांचो, वाफो जाचो ताचो."

प्रशिक्षकांना वाटलं, म्हातारीला एकीचं महत्त्व कळलेलं नाही. पण ती गावकारीचीच, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेची, रीत सांगत होती. जुन्या गावकारीत जमीन गावाची असली तरी सगळे गावकर मिळून एक शेत नांगरत नसत. शेतं पावणी करून, म्हणजे बोली लावून, ठरावीक मुदतीला कसायला दिली जात. ज्याने घेतलं त्याचं पीक. सामाईक असायचं ते बांध, पाट, तळी, देऊळ, म्हणजे जे एकट्याने राखताच येत नाही ते. पावणीच्या पैशातून त्याचा खर्च भागायचा. पोर्तुगिजांनी त्याला कोमुनिदाद नाव दिलं आणि कायद्यांच्या पोथ्या लिहिल्या, पण मुळातली अक्कल गावाची होती.

आम्ही तसंच केलं. प्रत्येक घराला सारखे वाफे, चिठ्ठ्या टाकून. पाण्याजवळचा वाफा कुणाला आणि टोकाचा कुणाला हे दर नोव्हेंबरात नव्याने ठरतं, म्हणजे कायमचं वाईट कुणाच्या वाट्याला येत नाही. पीक ज्याचं त्याचं. खायचं, विकायचं, नणंदेला द्यायचं, कुणी विचारायचं नाही. चार गोष्टी मात्र सगळ्यांच्या: ओहोळावरचा बांध, कुंपण, राखण आणि बी. या चारांत जो येणार नाही त्याचे वाफे पुढच्या चिठ्ठीत नाहीत. दर वाफ्यामागे थोडी रक्कम डब्यात टाकायची, आणि मे महिन्यात देवळाच्या चौकात हिशेब मोठ्याने वाचायचा. वाचणारा दरवर्षी वेगळा. आमच्याकडे आठवी-नववीच्या मुलांना वाचायला लावतात, कारण त्यांना कुणाची भीड नसते.

याचा सगळ्यात मोठा फायदा असा, की आळशी माणसावरून भांडण होत नाही. वाफा सुकला तर त्याचा सुकला. माझ्या शेजारणीचा वाफा पहिल्या वर्षी तणाने भरला होता; कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या सासूने तो हातात घेतला आणि आता मळ्यातली सगळ्यात चांगली वांगी तिथे असतात.

भाटकारांची भीतीही याच व्यवस्थेने थोडी कमी झाली. आम्ही फक्त नोव्हेंबर ते मे जमीन मागतो. जूनला ती मालकाला परत. त्याने भात लावावं, नाहीतर वाड्यातल्याच कुणाला लावायला सांगावं. मालकाच्या घरालाही वाफे मिळतात, त्याची बायको आमच्याबरोबर पाण्याच्या पाळीत असते. कागद केले, त्यांवर सह्या घेतल्या, पण माझा अनुभव असा की कागदाने कुणी तयार झालं नाही. दोन जूनमध्ये जमीन खरोखर परत मिळाली, तेव्हा तिसऱ्या वर्षी बाजूच्या शेतवाल्याने स्वतःहून विचारलं, "आमच्या तुकड्यात नाही का करणार?" मळा वाढला तो असा, एकेका जूनने.

बांध घालायचा दिवस दिवाळीनंतर, ओहोळाचा जोर ओसरला की. तालुक्यात जलस्रोत खात्याचे वसंत बंधारे आहेत, फळ्या घालून पाणी अडवायचे. आमच्या ओहोळावर तसा नाही. आम्ही दगड, फांद्या, माती भरलेली पोती आणि मध्ये प्लास्टिकचा कागद असा कच्चा बांध घालतो, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या आत उपसतो. घरटी एक माणूस. ज्याला जमणार नाही त्याने बदली पाठवायचा. त्या दिवशीचं जेवण मळ्यातच: उकड्या तांदळाची पेज, सुकं बांगड्याचं, खारातली कैरी. खरं सांगायचं तर वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस हाच, गणपतीच्या चवथीपेक्षाही.

पाणी किती वाफ्यांना पुरेल यावरून तरुण मुलांशी जोरदार वाद झाला होता. नोव्हेंबरात ओहोळ तुडुंब दिसतो, तेव्हा सगळ्यांनाच वाटतं अजून दोन शेतं घेऊ. मुलांनी बोअरवेलचाही विषय काढला. त्याला २००२ च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी शेजारच्या पिण्याच्या विहिरीचं काय? शेवटी ठरलं: एप्रिल संपताना मळ्यातल्या जुन्या विहिरीत जेवढं पाणी उरेल त्यावर पुढच्या वर्षीचे वाफे. आणि मार्चनंतर प्रत्येक घराने निम्मे वाफे सोडायचे. ज्याला मार्चपर्यंत काय काढायचं ते नीट जमलं, त्याला हे जड जात नाही. तांबडी भाजी तर महिन्याभरात हातात येते, मुळा दीड महिन्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांच्या दोन-तीन पाळ्या निघतात. अळसांदे (चवळी) आणि वाल भातानंतरच्या ओलीवरच टोचायचे, त्यांना पाणी फारसं लागत नाही. उन्हाळ्यात उरते मिरची, थोडं अळू, रताळ्याचे वेल. एवढ्याला विहीर पुरते.

बियांचा नियम काकीनेच आणला, आणि तो पाळणं सगळ्यात कठीण गेलं. तिच्याकडे सात शिरांच्या भेंडीचं बी होतं, तिच्या आईकडून आलेलं. लांबच लांब, शिजली तरी पीठ न होणारी भेंडी. तिला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. बी ठेवायची तिची पद्धत: झाडावरच्या पहिल्या-दुसऱ्या चांगल्या भेंड्या न तोडता सुकू द्यायच्या, चुलीवरच्या धुरात टांगायच्या. मिरचीचं बी राखेत घोळवून. दोडकं अख्खंच टांगलेलं, वाजवून बघायचं, आत बिया सुट्या झाल्या की तयार. आता यात गोम अशी की भेंडीच्या फुलावर मधमाश्या येतात. एका वाफ्यात गावठी भेंडी आणि पलीकडच्या वाफ्यात दुकानातली संकरित लावली की पुढच्या वर्षी काकीच्या बियातून काय उगवेल सांगता येत नाही. निर्भेळ बी हवं तर दोन जातींत दोन-चारशे मीटर तरी अंतर हवं. आमचा अख्खा मळा तेवढा नाही. म्हणजे एका घराला गावठी भेंडी टिकवायची असेल तर सगळ्या घरांनी दुकानातली सोडायला हवी.

यावर दोन बैठका झाल्या. संकरित भेंडी लवकर लागते, तिच्या शेंगा एकसारख्या, बाजारात पटकन जाते. वाफा ज्याचा त्याचा, मग बियाणं का नाही, हा प्रश्न रास्त होता. शेवटी भेंडी आणि दोडक्यापुरतं ठरलं: मळ्यात फक्त गावठी. वांगी-मिरचीला मोकळीक. वांगं आगशीचं लावावं की कुठलं, यावर अजून दर वर्षी बायका वाद घालतात, आणि घालू देत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आता सात शिरांची भेंडी विचारत येणारी गिऱ्हाइकं आहेत. ती दर विचारत नाहीत, 'आज आणली का?' एवढंच विचारतात. त्यामुळे बैठकीतला विरोध आपोआप मावळला.

जनावरांबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. रात्री रानडुकरं आणि साळिंदर, पहाटे मोर, दिवसा माकडं, आणि एका उन्हाळ्यात डोंगरावरून गवे उतरले होते. गवा म्हणजे आमचा राज्यप्राणी, त्याला हाकलताना सुद्धा मानाने हाकलावं लागतं. सौर कुंपणाला कृषी खात्याचं अनुदान असतं, पण अनुदानाला कृषी कार्ड लागतं, कृषी कार्डाला जमिनीचे कागद, आणि कागदांवर दहा नावं. अखेर दोघा मालकांनी आपल्या कार्डावर अर्ज केला आणि त्यांच्या तुकड्यांभोवतीने मळ्याचा बराचसा भाग वेढला गेला. उरलेल्या बाजूंना वाड्याने डब्यातल्या पैशांतून तारा ओढल्या. कुंपणाचं यंत्र आपलं काम करतं. आमचं काम म्हणजे तारेला टेकणारं गवत कापत राहणं. गवत टेकलं की करंट जमिनीत जातो, आणि डुकराला ते आपल्याआधी कळतं.

माकडांना तारेचं काही नाही. ती झाडावरून येतात. त्यांच्यावर उपाय एकच, माणूस. म्हणून दिवसाची राखण म्हाताऱ्या माणसांकडे. मळ्याच्या मध्ये एक खोप बांधली, तिथे पाळीपाळीने कुणी ना कुणी आजोबा-आजी बसलेली असतात. घरात दिवसभर टीव्हीसमोर बसणारे माझे सासरे आता सकाळी सातलाच गोफण घेऊन निघतात. नेम लागत नाही, पण आवाज होतो. कडेच्या ओळींत मिरची, हळद, सुरण लावलं, त्याला माकडं सहसा तोंड लावत नाहीत. आतल्या वालावर मात्र त्यांचा डोळा असतोच.

मळा वाढला तसा पावसाळ्याचा प्रश्न आला. जूनमध्ये खाली भात, मग चवथीची भाजी कुठे? चवथीच्या आठवड्यात डिचोलीच्या बाजारात काकडी, दोडकी, चिबूड, गणपतीवर टांगायच्या माटोळीला लागणारी फळं यांना जो भाव येतो तो वर्षभर येत नाही. एका भाटकाराने आपल्या काजूच्या भाटातल्या (बागायतीतल्या) मोकळ्या मोरडीवर, म्हणजे उताराच्या वरकस जमिनीवर, जागा दिली. पहिला पाऊस पडला की आळी करायची, दोडकी, पडवळ, कारली मांडवावर चढवायची, काकडी-चिबूड जमिनीवरच. उतार असल्याने पाणी साचत नाही, उलट माती वाहते. म्हणून उताराला आडव्या काठ्या आणि पालापाचोळ्याचे बांध. इथे वाफे नाहीत, आळी मोजून देतो. नियम तेच. पावसात राखणेला खोपीत बसायला म्हातारी माणसं तयार नसतात, म्हणून इथली पाळी मुलांची, आणि मुलं मोबाईलला रेंज असेल तरच जातात. सुदैवाने मोरडीवर रेंज आहे, मळ्यात नाही.

विक्री सामाईक नाही हे वर सांगितलंच. शुक्रवारी म्हापसा, बुधवारी डिचोली, उरलेले दिवस रस्त्याकडेला. फलोत्पादन महामंडळ स्थानिक भाजी घेतं, पण त्यांना एका वेळी बरा माल लागतो, घराघराच्या चार जुड्यांचं त्यांना काय होणार? म्हणून भेंडीच्या दिवसांत चार-पाच घरं माल एकत्र करून देतात, आपापसांत वजन लिहून. ते ज्यांना हवं त्यांनीच करायचं. गाडीभाडं मात्र वाटून. माझ्या नवऱ्याची पिकअप त्यासाठी लागते, आणि तो इतरांकडून भाडं घेतो, माझ्याकडूनही.

मध्यंतरी दिवस फिरले. डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातल्या खाणपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला, त्यात डिचोलीचा पट्टा होता, आणि २०२४ मध्ये तालुक्यात पुन्हा खनिज निघू लागलं. वाड्यावर ट्रकांचे टायर बदलले गेले. मी त्याला नावं ठेवणार नाही; भेंडीवर मुलांची कॉलेजची फी भागत नाही. पण रात्रीच्या राखणेला पुरुष कमी पडू लागले. बैठकीत ठरलं की बदलीचा दर वाढवायचा. ज्याचा ट्रक चालतो त्याने रात्रीच्या पाळीला पैसे मोजून माणूस द्यावा. दोन घरांनी कुरकुर केली आणि पैसे दिले.

त्याहून मोठी काळजी गाळाची. डोंगर पुन्हा उकरला की पावसात काय खाली येणार हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ओहोळ मळ्यात शिरतो त्या तोंडाशी आम्ही आमच्या परीने आडवा चर आणि दगडांची ताल घातली आहे, गाळ तिथे बसावा म्हणून. पण खरा बंदोबस्त वर, ढिगांच्या पायथ्याशी व्हायला हवा. ग्रामसभेत निवेदन दिलं. पंचायतीत सगळे ओळखीचेच, त्यांनी घेतलं. पुढच्या कार्यालयात विचारणा झाली: मळा कुणाचा? संस्था नोंदणीकृत आहे का? अध्यक्ष कोण? आमच्याकडे अध्यक्ष नाही. डबा आहे, वही आहे, आणि मे महिन्यात हिशेब वाचणारा मुलगा आहे.

इथे आमची व्यवस्था तोकडी पडते, हे मान्य करायला हवं. ज्याचा त्याचा वाफा असलेल्या चाळीसेक बायका एका सहीने बोलू शकत नाहीत. म्हणून आता नोंदणी करायची असं ठरतंय, पण कशाची? बराच खल झाला. निघालेला तोडगा असा: नोंदणी मळ्याची नाही, बांधाची. बांध, कुंपण, राखण आणि बी सांभाळणारी संस्था, तिने कार्यालयात जावं, पत्रं लिहावीत, गाळाबद्दल भांडावं. वाफ्यांशी तिचा काही संबंध नाही. काकीची अटच आहे की कागदात वाफा हा शब्द कुठेही येता कामा नये.

वकिलांनी संस्थेच्या घटनेचा पहिला मसुदा पाठवला होता. त्यात दुसऱ्याच ओळीत 'सामूहिक शेती करणे' हा उद्देश होता. तो खोडून मसुदा परत पाठवला आहे.